सोमवारची हजेरी

६ जानेवारी, सोमवार

आज टाळकं इतकं सटकलंय की मेसमधलं ताट तसंच सारून आले.

सुरुवात सकाळच्या गाडीतच झाली. शेजारी बसलेले काका, ओळख ना पाळख, विचारतात, काय शिकता? म्हटलं, बी.ए., शिक्षण आणि सार्वजनिक धोरण. "म्हणजे बी.एड.?" नाही. "म्हणजे यूपीएससी?" नाही हो. "मग नीट निघाली नाही वाटतं." लातूरची आहे म्हटलं की संपलं! लातूरच्या पोरीनं डॉक्टर व्हावं नाहीतर लग्न करावं, तिसरं काही ह्यांच्या डोक्यात शिरतच नाही. अप्पांच्या तरी कुठे शिरलंय. दोनदा नीट दिली, दोनदा आपटले, तिसऱ्यांदा फॉर्म न भरता सरळ नांदेडला येऊन हा कोर्स धरला, आता शेवटचं वर्ष आलं. अजूनही अप्पा दुकानात पाहुण्यांना सांगतात, "मंजुश्री नांदेडला असते." काय करते ते गिळून टाकतात.

असो. प्रोजेक्ट सुरू झाला. प्रत्येकाला एक सरकारी शाळा दिली आहे. कागदावर किती लेकरं येतात आणि खरी किती येतात, ते बघायचं. मला अहमदपूरहून आत हिप्पळवाडी. फिल्डवर्कला कॉलेज सोमवार मोकळा ठेवतं, म्हणून सोमवार.

शाळेत गेले तर सहा लेकरं. एवढ्या मोठ्या वर्गात सहा! पहिली ते चौथी मिळून एकच शिक्षक, रविकांत सर. मूळचे कंधारकडचे. टेबलावर बाबासाहेबांचा छोटा फोटो, कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं हळू. मी शेजारी उभी आहे ह्याचीसुद्धा भीड न बाळगता त्यांनी मोबाइल काढला आणि ॲपवर सगळीच्या सगळी लेकरं हजर लावली. वर मलाच विचारतात, चहा घेणार का मॅडम.

बाकीची लेकरं कुठेत ते मला वाटेतच दिसलं होतं. समोरून टमटम येत होते, गच्च भरलेले. काठपदराच्या साड्या नेसलेल्या बाया, मांडीवर, खांद्यावर लेकरं. मठाला चाललेत म्हणे, तिथूनच बाजाराला. शाळेच्या वेळेला! लेकरं मला हात करून राहिली होती. मी नाही केला.

वहीत लिहिलं: पालकांची उदासीनता.

२० जानेवारी, सोमवार

मागच्या सोमवारी भोगी, हॉस्टेल ओस पडलेलं, त्यामुळे गेले नाही. आज गेले. पुन्हा तेच. पाच-सहा डोकी आणि ॲपवर सगळे हजर.

आज मी गप्प बसले नाही. "सर, हे काय चाललंय?" त्यांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, "मॅडम, एकदा बुधवारी या. बुधवारी बघा. नाहीतर..." आणि थांबले. नाहीतर काय? नाहीतर धमकी देणार होते का मला? बुधवारी मी येणार हे कळलं की गावभर फिरून लेकरं गोळा करून बसवतील, तेवढं कळतं मला. आणि बुधवारी माझं स्टॅटिस्टिक्सचं लेक्चर असतं.

ह्या लोकांमुळे सरकारी शाळा बदनाम आहेत. पगार घ्यायचा, खोटी हजेरी लावायची, आणि चेहरा असा ठेवायचा की देवमाणूस!

२७ जानेवारी, सोमवार

आज खिचडीचं बघितलं. पातेलं पालथं, चूल गार. ॲपवर मात्र सगळ्यांचं जेवण झालेलं. तळपायाची आग मस्तकात गेली. लेकरांच्या तोंडचा तांदूळ!

खिचडी शिजवणारी गुरम्मा दारात बसून होती. चाळिशीची बाई, नवरा पुण्याला गेला तो तिकडचाच झाला, एकटी राहते. आलेल्या लेकरांना तिनं घरून भाकरी आणि शेंगाची चटणी आणून दिली होती. मला दाखवायला म्हणून दिली असणार. मी सरळ विचारलं, "सोमवारचा तांदूळ जातो कुठं?" तर तिचा चेहरा पडला. म्हणाली, "बाई, आज सोमवार हाय न्हवं, तवा..."

"सोमवार आहे मला माहितीये!" मी ओरडलेच. "मी पण लिंगायताचीच आहे. आमच्याही घरी सोमवार धरतात, अव्वाचा उपास असतो. म्हणून आम्ही शाळा बुडवत नव्हतो."

"तसं न्हाई बाई, ह्या गावात..."

मी ऐकून नाही घेतलं. देवाधर्माच्या नावाखाली काहीही खपवायचं ह्यांनी आणि आपण मान डोलवायची, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. ती नंतर सरांकडे बघत राहिली आणि सर फळ्याकडे. दोघंही मिळालेले आहेत.

३१ जानेवारी, शुक्रवार

रिपोर्ट दिला. प्रीतम सर, आमचे गाईड, उभ्या उभ्या वाचत गेले आणि शेवटी खुर्चीत बसलेच. "मंजुश्री, हा एव्हिडन्स आहे! लोक नुसते बोलतात, तू दाखवलंस." किती व्हिजिट झाल्या विचारलं. तीन म्हटलं. "पुरेत." जिल्ह्याच्या ऑफिसात त्यांचे ओळखीचे साहेब आहेत, त्यांना आजच पाठवतो म्हणाले.

तीन वर्षांत पहिल्यांदा वाटलं की हा कोर्स धरला ते बरं केलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पेपरात आलं! आतल्या पानावर, पण आलं. विद्यार्थिनीने उघड केली बोगस हजेरी. माझं नाव आहे, गावासकट. रविकांत सरांना नोटीस निघाली, लातूरला सुनावणी आहे. शाळाच बंद करून शेजारच्या गावात जोडायचा विषय पण निघालाय म्हणे. ते मी लिहिलं नव्हतं. प्रीतम सर म्हणाले, ते त्यांचं ते बघतील.

आणि अप्पांचा फोन. अप्पा कधी फोन करत नाहीत, अव्वाच करते आणि मागून अप्पा विचारतात, पैसे आहेत का विचार. आज स्वतः. "पेपर वाचलाव. दुकानात समद्यांना वाचून दाखवलाव." मग म्हणाले, "रविवारी घरी ये."

फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडून आले. का ते माहीत नाही. रागच असेल, इतकी वर्षं लावली म्हणून.

९ फेब्रुवारी, रविवार, लातूर

काय लिहू.

सकाळी अप्पा मला दुकानात, आडतीवर घेऊन गेले. गादीवर शेजारी बसवलं. येईल त्याला पेढा. "माझी लेक. चोर मास्तर धरली." हमालांना पेढे, समोरच्या दुकानाला पेढे, वरच्या खोल्यांत राहणाऱ्या नीटच्या पोरांनासुद्धा पेढे. मी लाजत होते पण बसून होते. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटत होतं.

दुपारी जेवताना अप्पांनी सहज विचारलं, "कंच्या वारी जायचीस गं?"

"सोमवारी."

अप्पांचा घास हातातच राहिला. "हिप्पळवाडीला? सोमवारी?"

"हो. का?"

"अगं, तिकडं सोमवारी बैल जुंपत न्हाईत. बसवण्णाचा वार. औत बंद, गाडी बंद. मग घरदार मठाला जातंय, बाजार बी त्याच दिवशी. आपल्या आडतीला तिकडचं पोतं सोमवारी कवाच आलं न्हाई."

"आता ट्रॅक्टर आलेत की अप्पा."

"ट्रॅक्टर आले म्हणून सोमवार कोण सोडतंय?"

मी विचारलं, मग लेकरं शाळेत कधी जातात? ते म्हणाले, मला काय ठाऊक, मास्तराला ठाऊक असंल. अव्वा ताटात वाढायची थांबली होती.

सोमवार मला माहीत होता! उपास माहीत होता, बेल माहीत होता, रात्री भाकरी खाऊन सोडायचा ते माहीत होतं. बैलांचं माहीत नव्हतं. आमच्या घरात बैल कुठेत, आमच्या घरात पोती आहेत.

आणि मग अप्पा, माझे अप्पा, हळूच म्हणतात, "आता कुणापाशी बोलू नको. बाजारभर पेढे वाटलेत."

१६ फेब्रुवारी, रविवार

कुणालाही न सांगता हिप्पळवाडीला गेले. सोमवारी गाव बंद, मग वर्ग कधी भरतो ते मला बघायचंच होतं.

शाळेच्या अलीकडूनच आवाज ऐकू आला. पाढे. रविवारी! आत गेले तर वर्ग भरलेला, ओसरी भरलेली, चौथीच्या पोरी पहिलीच्या लेकरांची बोटं धरून पाटीवर गिरवून घेत होत्या. मागे चूल पेटलेली आणि गुरम्मा मोठ्या पातेल्यात उलथणं घालून उभी. सोमवारचा तांदूळ रविवारी शिजत होता.

मी सरांवर तुटून पडले. हो, मीच, चोराच्या उलट्या बोंबा. "सांगितलं का नाही मला?"

"बुधवारी या म्हटलं होतं, मॅडम."

"रविवारी या का नाही म्हणालात?"

"तुम्ही लिहून घेत होता," ते म्हणाले.

मग शरणप्पा आले, शाळेच्या समितीचे अध्यक्ष, धोतर आणि कपाळावर विभूती. खरं काय ते त्यांनी सांगितलं. सरांनी आल्या वर्षीच रीतसर अर्ज दिला होता. सोमवारी सुटी द्या, रविवारी शाळा भरवतो. "तालुक्याचे साहेब म्हणले, बाबा, मागणी बरोबर हाय. पर ॲपमधी रविवार उघडतच न्हाई." म्हणून सोमवारी नुसती हजेरी, रविवारी शाळा. ह्या सगळ्याला चालवणारा माणूस स्वतः ह्या गावचा नाही, ह्या देवाचाही नाही. स्वतःचा रविवार घालवतो, आणि सोमवारी जी पाच-सहा येतात त्यांच्यासाठी पण येऊन बसतो. सुटी त्याला कधीच नाही!

मी म्हटलं, सुनावणीला येते आणि सगळं सांगते.

सर एकदम म्हणाले, "काही बोलू नका. लिहिलंय ते तसंच असू द्या." गुरम्मा पातेल्यावर झाकण ठेवून आत गेली.

असला भित्रेपणा बघितला की मला अजून चीड येते. अन्याय होतोय आणि म्हणे असू द्या! ह्यांच्या जागी मी असते तर टेबल उलटं केलं असतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

प्रीतम सरांना सगळं सांगितलं. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं, उचललं, परत ठेवलं. "मंजुश्री, तुझा डेटा चुकीचा नाही. सोमवारी हजेरी खोटीच होती ना? मग?" मी म्हटलं, पण निष्कर्ष चुकला. "निष्कर्ष साहेबांनी काढलाय." आणि मग खरं बाहेर पडलं. पुढच्या महिन्यात परिषद आहे, त्यात आमच्या कॉलेजतर्फे माझाच पेपर जाणार आहे, प्रीतम सरांचं नाव त्यावर पहिलं आहे.

दार आपटून आले. आपटायला नको होतं, काच तडकली. तडकू दे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार, लातूर

अप्पा सकाळी म्हणाले, सुनावणीला गेलीस तर मला विचारू नको. मी गेले.

खोली लहान, माणसं बरीच. साहेब मधे. सर एका बाजूला, शरणप्पा, गुरम्मा दाराशी पदर धरून उभी. मी सरळ उभी राहिले आणि सांगितलं. माझा रिपोर्ट अर्धवट आहे, मी फक्त सोमवारीच गेले, गावात सोमवारी औत बंद असतं, लेकरं त्या दिवसाची शाळा रविवारी भरून काढतात, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. सगळं बोलले.

साहेब सरांकडे वळले. "रविवारी शाळा भरवता?"

सर माझ्याकडे बघत होते. मग साहेबांकडे बघून म्हणाले, "नाही साहेब. रविवारी बंद असते. मॅडमचा काहीतरी गैरसमज झालाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. शरणप्पांकडे बघितलं तर ते म्हणतात, "रविवारी? रविवारी लेकरं क्रिकेट खेळतेत की साहेब." गुरम्मानं मान वर केलीच नाही.

"आधी लिहायचं खोटी, मग म्हणायचं खरी," साहेब हसले. "तुमच्या कॉलेजात हेच शिकवतात का?" सगळे हसले. मग त्यांनी कागद चाळले. कोठीतला तांदूळ तपासला तो पुरा भरला आहे, तेव्हा चोरीचा विषय नाही. सोमवारची हजेरी आणि जेवणाच्या नोंदी चुकीच्या भरल्या, त्याबद्दल सरांची वेतनवाढ बंद, आणि बदली. शाळा जोडायचं पुढच्या वर्षीचा पट बघून ठरवू. संपलं.

जिन्यात मी सरांना गाठलं. तोंडाला येईल ते बोलले. खोटारडे म्हणाले. त्यांच्यासाठी मी गाईडशी भांडले, बापाशी भांडले, आणि हा माणूस माझ्या तोंडावर मला खोटं पाडतो! ते नुसते म्हणाले, "घरी जा मॅडम. झालं ते बरं झालं." आणि गुरम्माला पुढे घालून निघून गेले.

घरी आले तर अप्पांना सगळं आधीच कळलेलं. "आता पेढे परत मागू का लोकांकडून?" म्हणाले आणि पाठ करून झोपले. झोपा. मला कुणाचंच काही नको.

२ मार्च, रविवार

दहा दिवस वही उघडली नाही. राग उतरतच नव्हता. शेवटी तो घेऊनच हिप्पळवाडीला गेले. सर गेले असतील, पण गावाला तरी विचारीन म्हटलं, मला तोंडघशी का पाडलंत.

शाळेला कुलूप. नव्या मॅडम सोमवार ते शनिवार येतात, नियमानं. आणि कुलपासमोर ओसरीवर लेकरं, दप्तरं घेऊन, ओळीनं बसलेली. गुरम्मा खाली पायरीवर.

"ही कशाला आलीत?" मी विचारलं.

"येऊ नका म्हणून सांगितलंय. ऐकत न्हाईत."

मग मी सुरू झाले. तिनं माझं सगळं बोलून होऊ दिलं. नंतर विचारलं, "बाई, सर हाव म्हणले असते, तर साहेब पुढं काय इचारले असते?"

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"रविवारी लेकरं काय खाल्ली, हेच इचारले असते. तांदूळ कुणी शिजवला? परवानगी नसताना कोठी कुणी उघडली? म्या. सरांची बदली झाली, पगार तरी हाय. मला तर त्याच दिवशी काढले असते. मला ह्या चुलीबिगर दुसरं काय हाय?"

"पण कोठीत तांदूळ पुरा होता..."

"सोमवारी शिजला न्हाई तेवढा तांदूळ कोठीत दिसावा म्हणून गावानं घातला. नोटीस आली त्या रातच्याला घराघरातून आणून वतला. तुमी तिथं उभं राहून बोलून राहिलता, तवा म्या म्हणलं, गेली माझी चूल."

सरांनी सांगितलं होतं मला. काही बोलू नका. सरळ, स्वच्छ मराठीत सांगितलं होतं आणि मी त्याला भित्रेपणा म्हणून लिहून ठेवलं. पहिल्यांदा लिहून त्या माणसाला घालवलं, आणि दुसऱ्यांदा बोलून ह्या बाईची चूल विझवणार होते. मला ॲपचा राग आलाय, त्या साहेबांचा आलाय, प्रीतम सरांचा तर इतका आलाय की समोर दिसले तर काय होईल सांगता येत नाही. पण आज पायरीवर बसले तेव्हा त्यातला एकही राग कामाला येत नव्हता.

उठून निघणार होते. ओळीतली एक मुलगी, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला, मोठ्यानं म्हणाली, "सरांना घालवलेल्या बाई तुमीच हाव का?"

गुरम्मानं तिला डोळे दाखवले. मी म्हटलं, "हाव. मीच."

"मग आता तुमी शिकवा."

तिच्या आवाजात राग नव्हता. एक गेलं तर दुसऱ्यानं करायचं, इतकं साधं. सगळी लेकरं माझ्याकडे बघायला लागली. मला येत नाही, असं म्हणायला तोंड उघडलं आणि लाज वाटली. तीन वर्षं शिक्षण शिकतेय. शिक्षणाचा हक्क, शिक्षणाचा खर्च, कोणत्या राज्यात काय, आयोगांच्या शिफारशी, सगळं पाठ आहे. लेकरांसमोर उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं, हे एका पेपरात नव्हतं आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

तरी उभी राहिले. घसा साफ केला. "पुस्तक काढा," म्हटलं.

"असं न्हाई बाई," ती मुलगी म्हणाली. "आदी नाव इचारतेत."

तीन सोमवार मी ह्या लेकरांची डोकी मोजली होती. नाव एकाचंही विचारलं नव्हतं. मी खाली बसले, तिच्या समोर, फरशीवर.

"तुझं नाव काय गं?"

"अंजू."

मग तिच्या शेजारच्याला विचारलं, मग त्याच्या शेजारचीला. ओळ लांब होती.